निर्वात कक्षातला ‘हात’ आपल्या वर्कशॉपमध्येही घडू शकतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संशोधनाच्या उपकरणांवर होणाऱ्या खर्चाविषयी आपल्या विज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे. पण निर्वात कक्षात नमुने हाताळण्याची यंत्रणा आयतीच घ्यावी लागते आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांनी असे प्रयोग हाती घेऊ नयेत, हा त्यातला निष्कर्ष मला मुळीच पटला नाही. मी शिक्षणाने टर्नर. एका भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभी राहून शिकले आणि आज तेच वर्कशॉप सांभाळते. लेखात ज्या यंत्रणेबद्दल लिहिले आहे ती मी खोलली आहे, दुरुस्त केली आहे आणि नव्याने घडवलीही आहे. पत्र लांबले आहे, पण विषय दोन ओळींत उरकला तर तोच गैरसमज पुन्हा होईल.

ही यंत्रणा लागते कशाला, ते आधी सांगते. धातूच्या किंवा सिलिकॉनच्या स्वच्छ पृष्ठभागावर काय घडते ते पाहायचे तर त्याच्याभोवतीची हवा काढावी लागते. किती काढायची, यावर पुढचे सगळे ठरते. दाब वातावरणाच्या अब्जांशावर आणला, तरी उरलेले रेणू पृष्ठभागावर इतक्या संख्येने आदळत असतात की आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला असे धरल्यास दोन-तीन सेकंदांत रेणूंचा एक पूर्ण थर बसतो. म्हणजे मोजमाप सुरू होण्याआधीच नमुना मळलेला. दाब आणखी दहा हजार पटींनी खाली नेला, तर तोच थर बसायला कित्येक तास लागतात आणि मग निवांतपणे काम करता येते. पण तिथवर पोचायला नुसता पंप पुरत नाही. स्टीलच्या भिंतींना धरून बसलेली पाण्याची वाफ सुटावी म्हणून अख्खा चेंबर दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसला तापवून भाजत ठेवावा लागतो. त्यात दिवस जातात. आणि नमुना बदलायला एकदा झाकण उघडले की ते सगळे पाण्यात.

म्हणून मुख्य चेंबरला एक छोटी खोली जोडतात. तिला लोड-लॉक म्हणतात. नमुना आधी या खोलीत ठेवायचा, तिच्यातली हवा काढायची, मग मधला गेट व्हॉल्व्ह उघडून एका लांब दांड्याने नमुना आत सरकवायचा, आतल्या धारकावर बसवायचा, दांडा मागे घ्यायचा आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. मुख्य चेंबरचा दाब थोडा चढतो आणि पुन्हा उतरतो. दांडा, त्याच्या टोकाची पकड, नमुना जिच्यावर बसवतात ती पट्टी, आतला धारक आणि ही छोटी खोली, एवढाच आपला विषय. पंप, दाबमापक किंवा गेट व्हॉल्व्ह वर्कशॉपमध्ये बनवा असे मी कोणाला सांगणार नाही.

खर्च कुठे फुगतो, हे मी वर्षानुवर्षे मागणीपत्रे वाचून पाहिले आहे. एकाच हाताने पुढे-मागे जावे, गोल फिरावे, वर-खाली व्हावे, नमुना हजार अंशांपर्यंत तापवावा, द्रव नायट्रोजनने थंडही करावा आणि हे सगळे अत्युच्च निर्वातात करावे, अशी मागणी लिहिली जाते. प्रयोगाला त्यातल्या दोनच गोष्टी लागणार असतात. उरलेल्या, पुढेमागे लागल्या तर असाव्यात, म्हणून घातलेल्या. प्रत्येक जादा हालचालीबरोबर एक जादा बेलोज (भात्यासारखी घड्यांची पोलादी नळी), एक जादा बेअरिंग आणि बिघाडाची एक जादा जागा येते. कोणता भाग किती दाबाला काम करणार आहे आणि त्याला नेमके काय करायचे आहे, हे भागाभागाने लिहून काढले की निम्मे डिझाइन तिथेच होते. लोड-लॉकला मुख्य चेंबरच्या दर्जाचा निर्वात लागत नाही, कारण दोघांचा संबंध येतो तो मिनिटभरापुरता. या एका गोष्टीचा पुरेपूर फायदा घेता येतो, आणि माझ्या अनुभवात तो फार थोडे लोक घेतात.

दांड्याचेच घ्या. बाहेरून हाताने ढकलायचा, पण हवा आत जाऊ द्यायची नाही, हा प्रश्न जुना आहे. रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९४१ साली त्याचे एक साधे उत्तर प्रसिद्ध केले. हेच विल्सन पुढे अमेरिकेतल्या फर्मीलॅबचे पहिले संचालक झाले. दांड्यापेक्षा थोडे लहान भोक असलेली रबराची चकती घ्यायची आणि ती शंकूसारखी वाकेल अशी धातूच्या दोन भागांच्या मध्ये आवळायची. बाहेरच्या हवेचा दाबच रबराला दांड्यावर घट्ट बसवतो. दांडा सरकतो, फिरतोही. आज आम्ही चकतीऐवजी दोन ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या, वापरतो आणि त्यांच्या मधल्या पोकळीला एक बारीक नळी लावून ती छोट्या पंपाने ओढत ठेवतो. बाहेरच्या रिंगमधून जे काही सरकून येते ते मधेच काढले जाते. दांडा आरशासारखा पॉलिश केलेला हवा, त्यावर कमी बाष्पदाबाच्या, म्हणजे सहज वाफ न होणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात हवा, आणि तो सरळ हवा. लोड-लॉकसाठी ही रचना उत्तम चालते.

आयत्या यंत्रणांत याच जागी बेलोज असते किंवा चुंबकाने ओढला जाणारा दांडा असतो. बेलोज म्हणजे पेटीच्या भात्यासारखी घड्या पडणारी, पण पातळ पोलादी पत्र्याची नळी. ती पूर्ण बंद असते, गळत नाही, भाजताही येते. मात्र तिच्यावर हवेचा दाब सतत असतो. बेलोजचा सरासरी व्यास ४० मिलिमीटर धरला तर सुमारे १३ किलो वजनाएवढे बल ती आत खेचत असते. म्हणून तिला मार्गदर्शक दांडे, जाड चौकट आणि फिरवायचा स्क्रू लागतो, आणि दांडा जेवढा लांब सरकवायचा तेवढी बेलोजची लांबी व किंमत वाढते. उलट १० मिलिमीटरच्या साध्या दांड्यावर हेच बल ८०० ग्रॅमच्या आसपास भरते. तो हाताने धरता येतो. बाहेर एक कॉलर बसवली की सोडला तरी आत जात नाही. चुंबकी दांडा या दोन्हींपेक्षा देखणा. बंद नळीच्या आत लोखंडी किंवा चुंबकी सरक असते आणि बाहेरून चुंबकाची कडी सरकवली की ती मागोमाग येते. तो वर्कशॉपमध्ये करता येतो, आम्ही केला आहे. पण जोर लागला की आतली सरक चुंबकाला सोडून मागे राहते, आणि साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर आपली ताकद गमावू लागतात. भाजण्याआधी ते काढून ठेवायचे ही शिस्त सगळ्यांना लावावी लागते. समेरियम-कोबाल्टचे चुंबक बरेच जास्त तापमान सोसतात, पण ते महाग आणि ठिसूळ. म्हणून मला विचाराल, तर लोड-लॉकला दोन ओ-रिंगांचा दांडा, आणि मुख्य चेंबरच्या आत कायम राहणारी हालचाल असेल तिथेच बेलोज.

आता दांड्याच्या टोकाकडे येते. डिझाइन करणाऱ्यांचे सगळ्यात कमी लक्ष इथे असते आणि सगळे अपघातही इथेच होतात. एका बाजूने धरलेला लांब दांडा टोकाला वाकतो. टोकावरच्या वजनामुळे येणारा झोल लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे लांबी दुप्पट केली की आठपट झोल. भरीव दांड्याऐवजी नळी वापरली तर स्वतःचे वजन कमी होते आणि ताठरपणा फारसा घटत नाही. पण झोल शून्यावर आणण्याच्या नादी लागू नये. तिथे पैसा ओतला जातो आणि हाती काही लागत नाही. दांडा मिलिमीटरभर खाली-वर, डावीकडे-उजवीकडे येणारच असे धरून धारकाचे तोंड रुंद आणि उतरते करावे, म्हणजे पट्टी आत शिरताना आपणच जागेवर येते. कडा कानसीने गोल कराव्यात. पकड दांड्याला अगदी घट्ट न बसवता तिला थोडा खेळ ठेवावा.

नेमकेपणा शेवटच्या बैठकीत आणावा, आणि तो आणण्याची स्वस्त युक्ती एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध आहे. तीन गोळे घ्यायचे. एक शंकूच्या खळगीत बसवायचा, दुसरा व्ही आकाराच्या खाचेत, तिसरा सपाट पृष्ठभागावर. या जुळणीला लॉर्ड केल्विन यांचे नाव आहे. तिने वस्तूच्या सहाही हालचाली (तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे) प्रत्येकी एकदाच बांधल्या जातात, ना कमी ना जास्त. त्यामुळे पट्टी काढून पुन्हा ठेवली की ती त्याच जागी बसते आणि अतिशय अचूक भोके पाडणारे महागडे जिगबोअर मशीन नसले तरी चालते. तीन कडक गोळे आणि नीट केलेली एक खाच, एवढ्यावर मिळणारी अचूकता पाहून पहिल्यांदा पाहणारे थक्क होतात.

नमुना आत पडतो, हे लेखात कुठेच आलेले नाही. तो पडतोच कधीतरी. खाली टर्बो पंपाचे तोंड असेल आणि त्याची पाती मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरत असतील, तर नखाएवढा तुकडाही पंप संपवू शकतो. पंपाच्या तोंडाला स्टीलची जाळी लावा. ज्या जागी पट्टी हातातून हातात जाते, त्या जागेखाली कडा वळवलेला एक साधा पत्र्याचा तबकासारखा भाग ठेवा. पत्र्याच्या या तुकड्याने वाचवलेले काम मी पाहिले आहे. आमच्याकडे एका विद्यार्थिनीचा सिलिकॉनचा नमुना पकडीतून निसटला आणि तबकावर पडला. तिने खिडकीतून बॅटरीचा झोत टाकून तो शोधला आणि दांड्याच्या टोकाने उचलून पुन्हा धारकावर नेला. चेंबर उघडावा लागला नाही. खिडकीचा मुद्दा इथेच येतो: जिथे हात जाणार तिथे नजर जायलाच हवी. दांड्याच्या दिशेने एक आणि त्याला काटकोनात एक अशा दोन खिडक्या नसतील, तर कितीही उत्तम यंत्रणा आंधळी आहे.

सामान कोणते वापरावे यावर लोक फार अडतात. नियम थोडके आहेत, पण ते पाळलेच पाहिजेत. पितळ लेथवर लोण्यासारखे कापले जाते म्हणून मोह होतो, पण त्यात जस्त असते आणि भाजताना जस्ताची वाफ होऊन ती सगळीकडे बसते. कॅडमियमचा मुलामा दिलेले स्क्रू त्याहून वाईट. बाजारातल्या चकचकीत स्क्रूंवर कसला मुलामा आहे हे ठाऊक नसेल, तर ते आत जाऊ देऊ नयेत. स्टेनलेस स्टीलची ३०४ प्रत बहुतेक कामांना पुरते. जिथे नमुना तापतो तिथे टँटलम किंवा मॉलिब्डेनम लागतेच, पण ते पट्टीपुरते, बारीक पत्र्याच्या रूपात. टँटलमची पातळ फीत स्पॉट वेल्डिंगने सहज चिकटते आणि तिच्या दोन पट्ट्यांनी स्फटिक घट्ट धरता येतो. विजेपासून अलग ठेवायचे भाग मॅकोर या सिरॅमिकचे करता येतात, कारण ते साध्या हत्यारांनी कापले जाते आणि पुन्हा भट्टीत घालावे लागत नाही. सिलिकॉनवर काम करणाऱ्यांनी नमुना स्टेनलेसच्या चिमट्याने धरू नये. स्टीलमधले निकेल अगदी किंचित लागले, तरी तापवल्यावर ते पृष्ठभागावर पसरून सगळी रचना बिघडवते. सिरॅमिकच्या टोकाचा चिमटा घ्यावा.

स्टेनलेसच्या नटात स्टेनलेसचा बोल्ट हे दुखणे वेगळेच. हवेत धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो खरवडला तरी लगेच परत येतो. निर्वातात तो परत येत नाही. उघडा धातू उघड्या धातूवर घासला की आटे एकमेकांत रुतून जणू वेल्ड होतात आणि मग पान्याने जोर लावला की बोल्ट तुटतो. साधे तेल-ग्रीस आत चालत नाही. उपाय सोपा आहे. दोन्ही भाग वेगळ्या धातूंचे ठेवा, जसे स्टीलच्या बोल्टला फॉस्फर ब्राँझचा नट. किंवा चांदीचा मुलामा असलेले बोल्ट घ्या, किंवा आट्यांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी भुकटी घासा.

आणि बंद भोकांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण घरगुती बनावटीची यंत्रणा निर्वात धरत नाही अशी जी बदनामी झाली आहे, तिचे मूळ बरेचदा इथे सापडते. धातूत आरपार न जाणारे भोक पाडून त्यात आटे काढले आणि स्क्रू आवळला, की तळाशी हवेचा एक थेंब अडकतो. समजा ती हवा फक्त एक घन मिलिमीटर आहे. वातावरणाच्या लाख कोटीव्या भागाएवढ्या दाबाला हीच हवा दहा लाख लिटर जागा व्यापते. आट्यांच्या फटीतून ती दिवसचे दिवस झिरपत राहते. बाहेरून हेलियम फवारून गळती शोधणारा माणूस हैराण होतो, कारण बाहेरून आत येणारी गळती नसतेच. म्हणून भोक आरपार पाडावे. ते जमत नसेल तर स्क्रूच्या मधोमध बारीक छिद्र पाडावे किंवा त्याच्या आट्यांवरून उभी खाच काढावी. दोन पत्रे एकमेकांवर सपाट बसत असतील तर एकाला चरा पाडावा. वेल्डिंग निर्वाताच्या, म्हणजे आतल्या बाजूने आणि सलग असावे. बाहेरून आधारासाठी टाके द्यायचे तर तुटक द्यावेत, म्हणजे दोन वेल्डच्या मध्ये हवा कोंडत नाही. हे सगळे करायला जादा पैसा लागत नाही. आरेखनावर ते लिहिलेले असावे लागते आणि लेथवरच्या माणसाला ते कशासाठी आहे हे सांगितलेले असावे लागते.

लोड-लॉकची पेटी आम्ही ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरतो. ६०६१ प्रतीचे ॲल्युमिनियम मिलिंगला सोपे आहे, वेल्डिंगची गरजच राहत नाही आणि प्रत्येक बाजूला ओ-रिंगची खाच थेट कोरता येते. आतली जागा जितकी कमी तितकी हवा आणि वाफ कमी, म्हणून पेटी नमुन्यापुरतीच हवी. खाच कोरताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: हत्याराच्या रेषा रिंगच्या बरोबरीने गोल फिरल्या पाहिजेत. रिंगच्या दिशेने गेलेला ओरखडा चालतो, पण रिंगला आडवा छेदणारा केसाएवढा ओरखडासुद्धा हवेला वाट करून देतो. नवीन मुलांना मी खाच भिंगाखाली धरून या दोन रेषांमधला फरक दाखवते, आणि मग खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून रिंग उपसण्याची सवय त्यांची कायमची जाते. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची काडी वापरावी. पेटी उघडताना आत कोरडा नायट्रोजन सोडावा, म्हणजे दमट हवेतले पाणी भिंतींना लागत नाही आणि पुढच्या वेळी निर्वात लवकर येतो.

थ्री-डी प्रिंटरबद्दल हल्ली सगळे विचारतात. छापलेल्या प्लॅस्टिकमध्ये थरांच्या मध्ये हवा अडकलेली असते आणि प्लॅस्टिक स्वतःही वायू सोडते, त्यामुळे उच्च निर्वातात ते भाग घालू नयेत. बाहेर मात्र त्यांचा उपयोग फार मोठा आहे. पकड, पट्टी आणि धारक आधी प्लॅस्टिकमध्ये छापून टेबलावर हजार वेळा देवाणघेवाण करून पाहावी. कुठे अडते, कुठे निसटते, ते हवेतच कळते. टँटलम कापायला त्यानंतर घ्यावे.

काटकसर कुठे करू नये हेही स्पष्ट लिहायला हवे. १०० मिलिमीटर व्यासाच्या खिडकीवर हवेचा दाब सुमारे ८० किलोचा भार टाकतो, म्हणून काचेची जाडी अंदाजाने ठरवू नये आणि चरा पडलेली काच वापरू नये. नायट्रोजन आत सोडण्याच्या वाटेवर जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पेटी आतून फुगवली जाते. उच्च विद्युतदाब आत नेणारे फीडथ्रू तयार घ्यावेत. स्वच्छतेत तर तडजोड नकोच: साबणाच्या पाण्यात अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी) धुलाई, मग शुद्ध पाणी, मग ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यानंतर हातमोज्यांशिवाय स्पर्श नाही. बोटाचा एक ठसा चांगल्या चेंबरमध्ये दीर्घकाळ दिसत राहतो.

हे सगळे जुगाड आहे, खरे विज्ञान नव्हे, असे म्हणणाऱ्यांना दोन उदाहरणे सांगावीशी वाटतात. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोहरर यांनी झ्युरिकमध्ये १९८१ च्या सुमारास स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक उभा केला आणि १९८६ साली त्यांना नोबेल मिळाले. अणू दिसायचे तर यंत्राला कसलाही हादरा बसता कामा नये. त्यांच्या पहिल्या यंत्रात त्यासाठी द्रव हेलियमने थंड केलेल्या शिशाच्या अतिवाहक भांड्यावर चुंबक तरंगत ठेवले होते. पुढे त्यांनी ते सोडून स्प्रिंगा घेतल्या, आणि आणखी पुढे धातूच्या चकत्यांची चवड रचून त्यांच्यामध्ये व्हायटन रबराचे तुकडे ठेवण्यावर काम भागवले. व्हायटन म्हणजे आमच्या ओ-रिंगांचेच रबर. ही चवड जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली, कारण ती कोणालाही करता येत होती. दुसरे उदाहरण जे. जे. थॉमसन यांचे. १८९७ साली त्यांनी इलेक्ट्रॉन ओळखला तो काचेच्या निर्वात नळ्यांमध्ये, आणि त्या नळ्या फुंकून घडवणारे त्यांचे सहायक होते एबेनेझर एव्हरेट. थॉमसन यांचे स्वतःचे हात यंत्रांच्या बाबतीत फारसे चालत नसत, हे त्यांच्या जवळच्यांनीच लिहून ठेवले आहे. शोध थॉमसन यांचाच. पण एव्हरेट यांच्या फुंकणीशिवाय तो त्या टेबलावर झाला नसता, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते ती आरेखनांत आहे. शोधनिबंधात यंत्रणेला एक परिच्छेद मिळतो: स्वतः बनवलेल्या धारकावर नमुना बसवला आणि इतक्या तापमानाला तापवला. चित्र असले तरी रंगीत आणि ठोकळेवजा, ज्यात ना मोजमाप असते ना टॉलरन्स (मोजमापात चालणारी तफावत), ना स्क्रूचा आकार, ना त्याचा धातू. तो निबंध वाचून दुसऱ्या गावातला टर्नर काहीही कापू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रयोगशाळा तीच पकड पहिल्यापासून शोधते, तेच बंद भोक पाडते, आणि कंटाळून आयती यंत्रणा मागवते. आमच्याकडे एकदा अशीच आयती पकड आली होती. तिची स्प्रिंग मोडली तेव्हा बनवणाऱ्यांनी तिचे आरेखन द्यायला नकार दिला आणि पूर्ण टोकच बदलून घ्यायला सांगितले. सुटी स्प्रिंग आम्ही मोजून, वाकवून, उष्णता देऊन इथेच केली. ती आजही चालते आहे. अशा स्प्रिंगचे मोजमाप गुपित असण्याचे कारण मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

सॉफ्टवेअरवाले आपले काम खुले ठेवतात तसे यंत्रांचेही करता येते. युरोपातल्या सर्न या संस्थेने २०११ साली हार्डवेअरसाठी खुला परवाना तयार केला. त्याखाली आरेखने कोणीही वापरावीत, सुधारावीत, मात्र सुधारलेली आरेखनेही त्याच अटीवर खुली ठेवावीत, अशी त्यामागची मूळ कल्पना होती. म्हणजे कायद्याची वाट तयार आहे. लोकांच्या पैशातून चालणाऱ्या संशोधनात जी यंत्रणा प्रयोगशाळेतच घडवली जाते, तिची पूर्ण आरेखने निबंधासोबत प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे, ही माझी मागणी आहे. मोजमापे, धातू, आट्यांचा प्रकार, कोणते भोक आरपार आहे, कोणत्या क्रमाने जोडायचे, कसे धुवायचे, हे सगळे त्यात हवे. आणि कोणती रचना चालली नाही व का, हेसुद्धा हवे, कारण पुढच्याचा वेळ त्यानेच वाचतो. एक आणखी: नमुन्याच्या पट्टीचा आकार ठरवताना शेजारच्या प्रयोगशाळेचा आकार आधी विचारून घ्यावा. दोघांची पट्टी एकच असेल तर एकाने तयार केलेला नमुना दुसऱ्याच्या चेंबरमध्ये मोजता येतो, आणि दोघांनी मिळून एकच लोड-लॉक डिझाइन केला तरी भागते.

या मागणीबरोबर वर्कशॉपचाही विचार व्हावा. उपकरण-खरेदीच्या समितीत बसणाऱ्यांनी मागणीपत्रावर सही करण्याआधी ते यंत्र वर्कशॉपमधल्या माणसाला दाखवावे आणि यातले काय इथे होईल, असे विचारावे. पुष्कळ ठिकाणी आता विचारायला माणूसच उरलेला नाही. निवृत्त झालेल्या टर्नरची जागा भरली जात नाही, लेथवर धूळ बसते आणि मग बाहेरून घेणे स्वस्त पडते असा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात दुरुस्तीसाठी बंद राहिलेला चेंबर, परदेशातून येणाऱ्या सुट्या भागाची वाट पाहण्यात गेलेला काळ आणि त्या काळात खोळंबलेल्या विद्यार्थ्याचे वर्ष कुठेच धरलेले नसते.

आमच्या वर्कशॉपमधल्या लोड-लॉकची, दोन ओ-रिंगांच्या दांड्याची आणि तीन गोळ्यांच्या धारकाची आरेखने आम्ही सध्या स्वच्छ करून, टिपांसह पुन्हा काढत आहोत. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी ती खुली करायला संमती दिली आहे. ज्या वर्कशॉपमध्ये अशी आरेखने कपाटात पडून आहेत त्यांनीही ती बाहेर काढावीत, आणि आपल्या विज्ञान पुरवणीने अशा कामांसाठी अधूनमधून अर्धे पान द्यावे, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
एका भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या यांत्रिक वर्कशॉपची प्रमुख